गोलाईचा गलबला आणि कान नसलेला मदतनीस

खेळ तयार करणाऱ्या पोरांच्या गटात आवाजाचं काम बहुधा शेवटच्या रात्रीवर ढकललं जातं. चित्रं झालेली असतात, पात्र पळतं, उडी मारतं, भिंतीला धडकून पडतं. सकाळी दहाला प्रकल्प दाखवायचा असतो आणि रात्री अकराला कुणाच्या तरी लक्षात येतं, की अख्खा खेळ मुका आहे. मग हाताला लागेल ती धून इंटरनेटवरून उतरवून पहिल्या सीनला डकवायची, उडीला एक ‘टुण्’ आणि मरणाला एक ‘धप्’ जोडायचा, की झालं. नांदेड-लातूर काय आणि पुणे-मुंबई काय, विद्यार्थ्यांच्या खेळात आवाज असाच घाईघाईत शिरतो.

यात आळसापेक्षा कंटाळ्याचा वाटा मोठा आहे. साध्यासुध्या खेळातही पन्नास-साठ ध्वनिफायली सहज होतात. प्रत्येक फाईल आणायची, तिच्या दोन्ही टोकांची शांतता छाटायची, नाव द्यायचं, सीनमध्ये तिच्यासाठी जागा करायची, ती कुठल्या क्षणी वाजावी हे कोडमध्ये लिहायचं, पातळी लावायची. काम अवघड नाही, चिवट आहे. आणि नेमकं असलं चिवट काम अंगावर घेणारा नवा मदतनीस गेल्या दोन-तीन वर्षांत हाताशी आला आहे. त्याला एआय एजंट म्हणतात.

चॅटबॉटला विचारलं तर तो कोड सांगतो. तो उचलून योग्य फाईलमध्ये नेऊन ठेवायचं काम माणसाचं. एजंट स्वतः प्रकल्पाचं फोल्डर उघडतो, फायली वाचतो, बदल करतो, खेळ चालवून बघतो आणि चुकीचा लाल संदेश आला की पुन्हा दुरुस्तीला बसतो. कर्सर, क्लॉड कोड, गिटहब कोपायलट ही त्यातली ठळक नावं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही खुली जोडणी-पद्धत जाहीर केली आणि एजंटला बाहेरच्या सॉफ्टवेअरशी थेट बोलता येऊ लागलं. त्यानंतर हौशी आणि व्यावसायिक मंडळींनी युनिटी, गोदो, अनरियल या तिन्ही गेम इंजिनांसाठी असे पूल बांधले. आता ‘पात्र चिखलातून चाललं की पचपच वाजलं पाहिजे’ हे वाक्य साध्या मराठीत लिहिलं, तरी त्यातून सीनमध्ये नोड (सीनचा एक सुटा घटक) तयार होतो, फाईल जोडली जाते आणि चार ओळींचा कोडही लिहिला जातो.

फक्त एक गोष्ट होत नाही. आपण जोडलेला आवाज हा मदतनीस ऐकत नाही. काही मॉडेलांना ध्वनिफाईल देऊन तिच्यात काय आहे ते विचारता येतं, हे खरं. पण चालू खेळात, हेडफोन लावून, बाजारातून फिरताना काय ऐकू येतं आणि ते कानाला कसं लागतं, हे नेहमीच्या वापरातल्या एजंटला कळत नाही. त्याच्यासमोर असतो तो मजकूर: नोडचं नाव, फाईलचा पत्ता, डेसिबलचा आकडा. हा सगळा विषय या एका त्रुटीभोवती फिरतो आणि त्याची ओळख करून घेतानाही तीच धरून चालणं सोयीचं.

खेळात आवाज पहिल्यांदा आला तोही काटकसरीतून. १९७२ साली अटारी कंपनीत ॲलन अल्कॉर्न या तरुण अभियंत्याने ‘पाँग’ बांधला. संस्थापक नोलन बुशनेल यांना चेंडू मारला की प्रेक्षकांचा जल्लोष हवा होता. त्यांचे भागीदार टेड डॅबनी यांना चुकल्यावर हुर्यो हवी होती. अल्कॉर्नकडे त्यासाठी ना जागा होती ना सुटे भाग. पडद्यावरचं चित्र जागेवर धरून ठेवणाऱ्या सर्किटमध्येच काही कंपनं आधीपासून होती. त्यातली बरी वाटली ती त्याने उचलली आणि ध्वनिवर्धकाला जोडून दिली. तो ‘पाँक’ पुढे जगभर गाजला.

सहा वर्षांनी, १९७८ मध्ये, जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये खाली उतरणाऱ्या चार स्वरांची एक मालिका सतत वाजत होती. शत्रू जवळ येऊ लागले की तिचा वेग वाढायचा. खेळणाऱ्याचा हात घामेजायचा तो चित्रापेक्षा त्या चार स्वरांनी. आवाज खेळाच्या स्थितीशी बांधला की काय होतं, याचं हे पहिलं मोठं उदाहरण. ‘शत्रू कमी झाले की ठेका वाढव’ ही सूचना आज एजंटला दिली, तर मिनिटाभरात अमलात येते. ती सुचण्यासाठी मात्र निशिकादोच लागतो.

मराठी माणसाला याहून जवळचा दाखला सिनेमात सापडतो. प्रभातचा ‘कुंकू’ १९३७ चा. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर बेतलेला, दिग्दर्शन व्ही. शांतारामांचं, संगीत केशवराव भोळ्यांचं. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती, पडद्यावर वाद्यवृंदाची रेलचेल सुरू होती, आणि या चित्रपटाने वरून ओतलेलं पार्श्वसंगीत टाळलं. जे ऐकू येतं ते दृश्यातल्याच वस्तूंमधून. म्हाताऱ्या नवऱ्याचं भिंतीवरचं घड्याळ तर एखाद्या पात्रासारखं बोलतं. गेमच्या परिभाषेत सांगायचं तर शांतारामबापूंनी प्रत्येक आवाजाला सीनमधला एक नोड नेमून दिला होता. खेळात आवाज घालू पाहणाऱ्याने जाडजूड पाठ्यपुस्तकाआधी ‘कुंकू’ पाहावा.

आता लातूरला येऊ. गंजगोलाई ही शहराच्या मध्यावरची वर्तुळाकार बाजारपेठ. मधोमध अंबाबाईचं देऊळ, भोवती गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. सराफी, चपला, मिरची, गूळ अशी एकेका धंद्याची वस्ती एकेका अंगाला. खेळाच्या सीनसाठी यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही, कारण इथे डोळे मिटून फिरलं तरी आपण कुठल्या रस्त्याच्या तोंडाशी आहोत हे कानाला कळू शकतं.

समजा, तीन विद्यार्थ्यांनी गोदो इंजिनमध्ये गोलाईचा वरून दिसणारा द्विमितीय सीन रचला. गोदो घेण्याचं कारण साधं. ते फुकट आहे, २०१४ पासून एमआयटी परवान्याखाली खुलं आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. शिवाय त्याच्या सीनच्या फायली साध्या मजकुराच्या असल्याने एजंटला त्या वहीसारख्या वाचता येतात. विद्यार्थी एजंटला सांगतात: सोळा रस्त्यांच्या तोंडाशी सोळा आवाज ठेव, पात्र जवळ गेलं की तो आवाज वाढावा. एजंट प्रत्येक रस्त्यावर ‘ऑडिओस्ट्रीमप्लेअर२डी’ नावाचा नोड ठेवतो, त्याला फाईल जोडतो, सीन उघडताच आपोआप वाजण्याची खूण करतो आणि काम पूर्ण झाल्याचं कळवतो. एकही चूक दाखवली जात नाही. खेळ सुरू करावा, तर कानावर येतो तो नुसता कालवा. मिरचीवाला, सोनार, गुळाची भेली, हमालांच्या हाळ्या, सगळं एकदम आणि सगळीकडून.

झालेलं असतं ते असं. या नोडचा आवाज किती अंतरापर्यंत पोचावा याचा ठरलेला आकडा २००० पिक्सेल आहे. विद्यार्थ्यांची अख्खी गोलाईच बाराशे पिक्सेलची. म्हणजे कुठेही उभं राहिलं तरी सोळाही आवाज हद्दीत. एजंटने तो आकडा बदलला नाही, कारण कुणी तसं सांगितलं नव्हतं आणि त्याला स्वतःला काही खटकण्याची सोय नव्हती. दुसरी भानगड बेरजेची. एकमेकांशी संबंध नसलेले, सारख्याच पातळीचे सोळा आवाज एकत्र आले की एकूण पातळी सुमारे १२ डेसिबलने चढते. डिजिटल ध्वनीला शून्य डेसिबल हे छत असतं. त्याच्या वर गेलेला भाग कापला जातो आणि स्पीकर फाटल्यासारखा वाजतो.

उपाय दोन मिनिटांचा आहे. पोचण्याचं अंतर अडीचशे-तीनशे पिक्सेलवर आणायचं, आवाज अंतराबरोबर किती झपाट्याने पडावा त्याचा घातांक वाढवायचा आणि बाजाराचे सगळे नोड ‘बाजार’ नावाच्या वेगळ्या बसवर, म्हणजे आवाजांच्या सामाईक मार्गावर, टाकून ती बस दहा-बारा डेसिबल खाली घ्यायची. संवाद, संगीत आणि बटणांचे आवाज यांच्या बसही वेगळ्या ठेवाव्यात, म्हणजे देवळाची घंटा वाजताना बाजार जरा दबवता येतो. हे सांगितल्यावर एजंट चुटकीसरशी करतो. सांगायला मात्र कुणीतरी आधी ऐकलेलं असावं लागतं.

याच गोलाईची दुसरी बाजू वेळ अमावास्येला दिसते. लातूर-धाराशिवकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी भज्जी, आंबील, उंडे घेऊन सगळा जिल्हा शेतावर लोटतो आणि बाजारपेठा ओस पडतात. खेळात हा दिवस दाखवायचा तर एजंट सरळ बाजाराची बस उणे ८० डेसिबलवर नेतो, म्हणजे पूर्ण नि:शब्द. पण ओस पडलेल्या बाजारातही ताडपत्री फडफडते, कबुतरं घुमतात, लांबवर एखादी एसटी गिअर बदलते. गर्दीच्या दिवशी हे आवाज कुणाला ऐकू येत नाहीत, म्हणून ते ध्वनिमुद्रितही केलेले नसतात. तेव्हा येळवसच्या सीनसाठी स्वतंत्र मुद्रण हवं, आणि ते करणाऱ्याला त्या दिवशी आंबिलीवर पाणी सोडून शहरात थांबावं लागेल.

एजंटच्या काही खोडी इतक्या ठरलेल्या आहेत की पहिल्याच आठवड्यात भेटतात. पावलांचा आवाज मागितला की तो कधीकधी ‘वाजव’ ही आज्ञा दर फ्रेमला चालणाऱ्या फंक्शनमध्ये टाकतो. सेकंदाला साठ वेळा आवाज पहिल्यापासून सुरू होतो आणि पावलांऐवजी भुंगा ऐकू येतो. पाऊल जमिनीला टेकतं त्या ॲनिमेशनच्या नेमक्या चौकटीशी आवाज बांधायचा असतो, आणि एकाच फाईलऐवजी चार-पाच वेगवेगळ्या पावलांतून दर वेळी एक निवडायचं असतं. गोदोमध्ये त्यासाठी रँडमायझर आहे. तो पट्टीही किंचित वरखाली करतो, त्यामुळे चाल जिवंत वाटते.

दुसरी खोड जुन्या-नव्याच्या सरमिसळीची. गोदोची चौथी आवृत्ती मार्च २०२३ मध्ये आली आणि तिने कितीतरी नावं बदलली. तिसऱ्या आवृत्तीतलं ‘यील्ड’ गेलं, ‘अवेट’ आलं. डेसिबलच्या हिशेबाचं फंक्शनही वेगळ्या नावाने आलं. मॉडेलने दोन्ही काळातला मजकूर वाचलेला असल्याने तो मध्येच जुनं नाव लिहितो. हे बरं, कारण लगेच लाल संदेश येतो आणि तो स्वतःच सुधारतो. कान लागतात ते लाल संदेश न देणाऱ्या चुकांना. एमपी३ फाईलच्या सुरुवातीला आणि शेवटी बारीकशी मोकळी जागा राहते, म्हणून तिचं आवर्तन केलं की दर फेरीला उचकी बसते. तिथे ओजीजी वापरावी. सीन बदलला की त्या सीनमधलं संगीत मध्येच तुटतं. ते सगळ्या सीनच्या बाहेर, ऑटोलोड म्हणून ठेवावं लागतं. ब्राउझरमध्ये चालणारा खेळ पहिल्या स्पर्शापर्यंत मुका राहतो, कारण क्रोमने २०१८ पासून न विचारता आवाज सुरू करण्यावर बंधन घातलं आहे. ‘खेळा’ असं एक बटण सुरुवातीला ठेवलं की काम भागतं.

युनिटीवाल्यांची तऱ्हा थोडी निराळी. तिथे सीनमध्ये ऐकणारा ‘ऑडिओ लिसनर’ एकच असावा लागतो आणि तो सहसा कॅमेऱ्याबरोबर येतो. एजंटने दुसरा कॅमेरा आणला की लिसनर दोन होतात आणि इंजिन कुरकुरू लागतं. बाकी तत्त्वं तीच.

खेळाचा विषय लातूरचाच घ्यायचा तर एप्रिल २०१६ ची पाणीटंचाई आहे. मिरजेहून पाणी भरून निघालेली ‘जलदूत’ रेल्वे १२ एप्रिलला लातूरला पोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आलं. टँकर, रांग, घागरी आणि मर्यादित वेळ. खेळाला लागणारा सगळा ताण यात आयता आहे. अशा खेळात घागर भरण्याचा आवाज हा मुख्य आवाज.

तो आवाज एकसारखा नसतो हे घराघरांत माहीत आहे. घागर रिकामी असताना घुमारा जाड असतो, पाणी चढत जाईल तशी पट्टी चढते आणि गळ्याशी आलं की चटकन बारीक होते. स्वयंपाकघरातली बाई पाठमोरी असली तरी नळ वेळेवर बंद करते तो याच्यावर. कारण भांड्यातल्या हवेची पोकळी लहान होत जाते आणि पोकळी जितकी लहान तितका स्वर उंच. एजंटला ‘घागर भरेल तसा स्वर चढव’ असं सांगितलं तर तो पट्टीचा आकडा पाण्याच्या पातळीला सरळ रेषेत बांधतो: अर्धी घागर, अर्धी चढण. चालतं, पण खरं वाटत नाही. उभट भांड्यात स्वर उरलेल्या पोकळीच्या उंचीच्या व्यस्त प्रमाणात चढतो, म्हणजे सुरुवातीला रेंगाळतो आणि शेवटी धावतो. ‘सरळ रेषा नको, व्यस्त प्रमाण वापर, आणि पट्टी १ ते २ च्या आत ठेव’ एवढं सांगितलं की कोडमधली एक ओळ बदलते. पट्टी १ वरून २ वर गेली की स्वर बरोबर एक सप्तक चढतो. मग खेळणाऱ्याला पातळी दाखवणारी पट्टी पडद्यावर काढायची गरजही उरत नाही. तो ऐकून घागर बाजूला घेतो. मागे रांगेतल्या भांड्यांचा खणखणाट वाढत असतो, तो वेगळाच.

उदगीरचं उदाहरण अंतराचं आहे. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाचा उदगीरच्या लढाईत पराभव केला आणि त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचा मोठा हात होता. लढाईच्या खेळात एजंट तोफेचा जाळ आणि तोफेचा आवाज एकाच क्षणाला टाकतो. प्रत्यक्षात आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. किलोमीटरभरावरची तोफ आधी दिसते आणि जवळपास तीन सेकंदांनी ऐकू येते. खेळात अंतराला ३४० ने भागून तेवढा वेळ थांबायचं, की लांबची तोफ लांबची वाटू लागते. बरोबरीने दूरच्या आवाजातले बारीक, तीक्ष्ण स्वर गाळले पाहिजेत, कारण हवा ते आधी खाते. मोबाईलच्या इवल्या स्पीकरची गत उलटी: तो खालचे, जाड स्वर काढूच शकत नाही. तोफ, ढोल, नगारा हे सगळे हेडफोनवर दणदणतात आणि फोनवर पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचकी मारल्यासारखे वाजतात. बहुतेक लोक खेळणार फोनवर, तेव्हा तपासणीही स्वस्तातल्या फोनवरच व्हायला हवी.

एजंट ऐकत नसला, तरी मोजतो उत्तम. ही त्याची सर्वांत उपयोगी बाजू आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. एफएफएमपेगसारखं फुकट साधन त्याच्या हाती दिलं की तो साठ फायलींची लांबी, सर्वोच्च पातळी, सरासरी पातळी काढून तक्ता मांडतो, दोन्ही टोकांची शांतता छाटतो, सगळ्यांची पातळी जुळवतो आणि नावं एका शिस्तीत बसवतो. आकाराचा हिशेबही तोच करतो. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना दोन बाइट, दोन वाहिन्या. म्हणजे मिनिटाला सुमारे १० एमबी. जागेवरून येणारा आवाज एकवाहिनी चालतो, तेव्हा निम्मे झाले. ओजीजीत दाबलं की दोन वाहिन्यांचं मिनिटही साधारण एका एमबीत बसतं. नांदेडच्या खोलीवर मोबाईलच्या डेटावर काम करणाऱ्या पोराला हा फरक लगेच समजतो.

पण मुळात फायली यायच्या कुठून? जगभरच्या संग्रहांत घोड्याच्या टापा, पाऊस, युरोपातल्या चर्चच्या घंटा ढिगाने मिळतात. मराठवाड्यातली एखादी यात्रा तिथे शोधायला गेलं की हात रिकामेच राहतात. माळेगावची यात्रा नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात, मार्गशीर्षात खंडोबाच्या नावाने भरते. घोडे, गाढवं, लाल कंधारी आणि देवणी जनावरं, वाघ्या-मुरळीची दिमडी, तुणतुणं, घाटी, फडांची कर्णकर्कश लावणी आणि व्यापाऱ्यांची रुमालाखालची कुजबूज. एजंटला ‘भारतीय जत्रेचा आवाज’ मागितला तर तो सतार-तबल्याची एखादी गोड धून आणून देतो. माळेगावात सतार ऐकलेला माणूस अजून भेटायचा आहे.

तेव्हा फोन घेऊन जाणं भाग आहे. फोनचं मुद्रण यंत्र बोलणं टिपण्यासाठी घडवलेलं असतं. ते पातळी आपोआप वरखाली करतं आणि गर्दीला ‘गोंगाट’ समजून दाबतं. हे बंद करता येणारं एखादं ॲप घ्यावं. माइकवर लोकरीचा तुकडा धरला की वाऱ्याची फडफड कमी होते. प्रत्येक ठिकाणी निदान अर्धा मिनिट कुणी काही न बोलता तिथला नुसता भवताल टिपावा. दोन तुकडे जोडताना तोच कामाला येतो. आणि मुद्रण व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजने पाठवू नये, तो आवाज दाबून चपटा करतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवावं.

बोलण्याच्या आवाजांची अडचण आणखी खोल आहे. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ प्रकल्पात आणि आयआयटी मद्रासच्या ‘एआयफोरभारत’च्या कामात मजकुरावरून मराठी बोलणारे आवाज तयार झाले आहेत. ते बातम्या नीट वाचतात. ‘काय करायलास?’ हे वाक्य मात्र ते असं म्हणतात, की विचारणारा नुकताच दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आला असावा. नांदेडच्या जुन्या शहरात तर एकाच चहाच्या टपरीवर मराठी, दख्खनी, पंजाबी ऐकू येते आणि देगलूरकडे सरकावं तशी तेलुगू मिसळत जाते. ही सरमिसळ यंत्राकडून काढून घेण्यापेक्षा शेजारच्या काकांना दोन वाक्यं बोलायला लावणं सोपं पडतं आणि काकाही खूश होतात. त्यांना आधी विचारलेलं असावं, एवढंच.

विचारण्याचा मुद्दा दोन ठिकाणी फार जपून हाताळावा लागतो. नांदेडच्या हुजूर साहिबमध्ये गुरु गोविंदसिंहजींच्या स्मृतीशी जोडलेलं कीर्तन ऐकू येतं. ते गुण मिळाल्यावर वाजणाऱ्या तुकड्यासारखं वापरणं शोभणार नाही. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसराने भूकंपाचा जो आवाज ऐकला, त्याची आठवण बाळगणारी माणसं अजून गावोगाव आहेत. एजंटला भूकंपाची गडगड मागितली तर तो कसलीही शंका न काढता पूर्ण पातळीवर लावून देईल. ती लावायची का, किती, आणि आधी सूचना द्यायची का, हे ठरवणाऱ्याने निदान एकदा त्या भागातल्या कुणाशी तरी बोलून घ्यावं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला तेव्हा त्याचं संगीत लिनोस त्झेलोस या संगीतकाराने केलं होतं, आणि पदार्पणातल्या सर्वोत्तम खेळाच्या नामांकनात तो ‘द गेम अवॉर्ड्स’पर्यंत पोचला. अशा स्टुडिओला संगीतकार, ध्वनिसंयोजक नेमता येतो. तीन विद्यार्थ्यांच्या गटाला महिन्याकाठी वीसेक डॉलरचं एजंटचं वर्गणीशुल्कही वाटून घ्यावं लागतं. मदतनिसाची खरी गरज या दुसऱ्यांना आहे, म्हणून त्याच्या मर्यादाही त्यांनाच जास्त ठाऊक हव्यात.

त्यातली शेवटची मर्यादा कायद्याची. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातून २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्रीसाउंड’वर लाखो आवाज आहेत, पण सगळ्यांचे परवाने सारखे नाहीत. काही कसेही वापरा, काहींत नाव द्या, काही व्यापारासाठी वर्ज्य. यंत्राकडून संगीत करून घेण्याची वाटही निर्धोक नाही; सुनो आणि उडिओ या सेवांवर मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी जून २०२४ मध्ये अमेरिकेत खटले भरले. घाईतला एजंट परवाना न पाहता फाईल आणून ठेवतो आणि वर्षभराने खेळ प्ले स्टोअरवर चढवताना कुणालाच आठवत नाही, की ती घंटा कुठली.

यासाठी प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये आवाजांची एक नोंदवही असावी. साधा तक्ता पुरतो: फाईलचं नाव, कुठे टिपली, कधी, कुणी, कुणाची संमती घेतली, परवाना कोणता. एजंट दर वेळी वाचतो त्या नियमांच्या फाईलमध्ये एक ओळ घालावी, की नोंदवहीत ज्याची ओळ नाही असा आवाज सीनला जोडायचा नाही, आधी विचारायचं. बहुतेक वेळा तो हे पाळतो. संभाषण लांबलं की विसरतो. म्हणून सीनच्या फायली आणि नोंदवही ताडून पाहणारी छोटी स्क्रिप्ट त्याच्याकडूनच लिहून घ्यावी आणि खेळ बांधून बाहेर काढण्याआधी दर वेळी ती चालवावी. तीस-चाळीस ओळींचं काम आहे, आणि यात ऐकण्याचा प्रश्नच नसल्याने एजंट ते पहिल्या फटक्यात बरोबर करतो.